कला-संस्कृती, पर्यावरण आणि आंतरराष्ट्रीय संबंध : कोकणात घरी राहून या तीन विषयांची तयारी कशी करावी?

आपण देवगड तालुक्यात घरी राहून केंद्रीय आणि राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करत आहात. इतिहास आणि राज्यव्यवस्था बऱ्यापैकी झाली आहे, पण हे तीन विषय कितीही वाचले तरी डोक्यात राहत नाहीत आणि त्यासाठी पुण्याला जाऊन क्लास लावावा का, असा आपला प्रश्न आहे. मी सावंतवाडीत याच परीक्षांसाठी सामान्य अध्ययन शिकवतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हे विषय लक्षात राहत नाहीत, कारण बहुतेक जण ते याद्यांच्या रूपात वाचतात : नृत्यांची यादी, रामसर स्थळांची (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची) यादी, करारांची यादी. माझा सल्ला असा की, आपल्या परिसरातील एखादी जागा धरावी आणि तिच्यावरून तिन्ही विषयांत शिरावे. अभ्यासक्रमाने ते तीन वेगळ्या पेपरांत टाकले आहेत, म्हणजे केंद्रीय मुख्य परीक्षेत संस्कृती पहिल्या, आंतरराष्ट्रीय संबंध दुसऱ्या आणि पर्यावरण तिसऱ्या पेपरात येते. प्रत्यक्षात मात्र ते एकाच जमिनीवर भेटतात.

राजापूर तालुक्यातील बारसूचा सडा घ्या. जांभ्या दगडाच्या या उघड्या सपाटीवर जी कातळशिल्पे आहेत, त्यांतील एकात मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ अशी आकृती आहे. ती पाहिल्यावर सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील तशाच मांडणीची आठवण येते. (साम्य दिसते म्हणून संबंध होताच, असे उत्तरात लिहू नका; तपासणाऱ्याला ते चटकन खटकते.) बारसू, कशेळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरूण, रुंढे तळी, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील एक अशी नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. तात्पुरती यादी (पुढे नामांकन करण्यासाठी देशाने सुचवलेली ठिकाणे) आणि प्रत्यक्ष यादी यांतील फरकावर पूर्वपरीक्षेत सहज प्रश्न होऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले नोंदले गेले, ते प्रत्यक्ष यादीत आहेत. त्यांत आपल्या किनारपट्टीवरील विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत, आणि बारावा जिंजी हा तमिळनाडूतील आहे.

हाच सडा पर्यावरणाच्या दृष्टीने पाहिला तर वेगळा दिसतो. सरकारी कागदोपत्री असे सडे बहुधा पडीक म्हणून नोंदलेले असतात, पण पावसाळ्यात त्यांवर काही महिन्यांपुरती येणारी वनस्पतीसृष्टी असते आणि कातळात मुरलेले पाणी खालच्या वाड्यांतील झऱ्यांना व विहिरींना मिळते. याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प प्रस्तावित झाला, आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी मोठे आंदोलन झाले. त्याआधी हा प्रकल्प नाणारला व्हायचा होता. वर्षाला सहा कोटी टन क्षमतेच्या या प्रकल्पात निम्मा वाटा भारतातील तीन सरकारी तेल कंपन्यांचा आणि निम्मा सौदी अरामको व अबू धाबीची ॲडनॉक यांचा, अशी योजना २०१८ मध्ये ठरली होती. येथून आपण थेट आंतरराष्ट्रीय संबंधांत येतो : भारत कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीतून का भागवतो, तेल विकणाऱ्या देशांना ग्राहक देशातच शुद्धीकरणात गुंतवणूक का हवी असते, संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ मध्ये झालेला सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार काय आहे. ज्या विद्यार्थ्याने बारसूचे आंदोलन जवळून पाहिले आहे, त्याला पश्चिम आशियावरील टिपण पाठ करावे लागत नाही. प्रकल्प व्हावा की नाही, यावर आपले मत काहीही असो. उत्तरात मात्र दोन्ही बाजूंचे सर्वांत भक्कम मुद्दे यायला हवेत.

कलेच्या बाबतीत तुलना हाच मार्ग मला उपयोगी वाटतो. कुडाळजवळ पिंगुळीला एकदा जाऊन या. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कला सांभाळल्या आहेत आणि परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पोथी हातात घेऊन पाहा : कागदावर रंगवलेली दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, सांगणारा एकेक चित्र समोर धरून आख्यान लावतो आणि चित्र बदलले की कथा पुढे सरकते. एवढे पाहून घरी आलात की वहीत चार रकाने आखा. छायाबाहुल्यांच्या रकान्यात आंध्रची तोलू बोम्मलाटा, कर्नाटकची तोगलू गोंबेयाट्टा, केरळची तोलपावाकूथू आणि ओडिशाची रावणछाया. सूत्रबाहुल्यांत राजस्थानची कठपुतळी आणि ओडिशाची कुंधेई. काठीच्या बाहुल्यांत बिहारची यमपुरी आणि बंगालचे पुतुळनाच. हातमोज्याच्या बाहुल्यांत केरळचे पावाकूथू. तमिळनाडूचे बोम्मलाट्टम सूत्र आणि काठी दोन्ही वापरते, म्हणून ते दोन रकान्यांच्या रेघेवर लिहा. पिंगुळीची बाहुली डोळ्यांसमोर असली की ही नावे एकमेकांत मिसळत नाहीत. दशावताराचेही असेच. जत्रेत रात्रभर बसून संकासूर हे राक्षसाचे सोंग पाहिलेला मुलगा कर्नाटकातील यक्षगान या नृत्यनाट्याबद्दल वाचताना नेमके कोठे साम्य आणि कोठे फरक, हे स्वतः शोधतो. फक्त स्थानिक अभिमानात अडकू नये : परीक्षेत पिंगुळीपेक्षा कठपुतळीवर प्रश्न येण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे.

आंतरराष्ट्रीय संबंधांची आपल्याला भीती वाटते, असे आपण लिहिले आहे. देवगडच्या माणसाला ती वाटू नये. मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती २०१५ मध्ये उठली. कारण फळमाशी. त्याच आदेशात अळू, वांगी, कारली आणि पडवळही होते. अमेरिकेत आंबा पाठवायचा तर विकिरण प्रक्रिया (किरणांचा मारा) लागते, जपानसाठी बाष्पोष्णता प्रक्रिया (गरम वाफेची). जागतिक व्यापार संघटनेचा स्वच्छता व वनस्पती-आरोग्यविषयक करार म्हणजे हेच, आणि आयात शुल्क कमी होऊनही व्यापार का अडतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावातल्या पॅकिंग शेडमध्ये आहे. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करारही असाच : किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जेथील मासे व खनिजांवर त्या देशाचाच हक्क असतो. मासेमारीचे नियम राज्य सरकार पहिल्या १२ मैलांतच करू शकते, म्हणून पर्ससीन (मोठ्या घेरजाळ्याची) आणि एलईडी (दिव्यांच्या प्रकाशाने मासे ओढणारी) मासेमारीच्या वादात परराज्यांतील नौकांचा प्रश्न इतका गुंतागुंतीचा होतो. भारताने हा करार १९९५ मध्ये मान्य केला. आणि २०२० मध्ये आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचे नाव बांगलादेशाने, तर २०२१ च्या तौक्तेचे म्यानमारने सुचवले होते, कारण उत्तर हिंदी महासागरातील तेरा देश मिळून ही नावे देतात.

पर्यावरणाचा सैद्धांतिक भाग शालेय पाठ्यपुस्तकांतून भागतो, त्यावर फार वेळ घालवू नका. दोन गोष्टी मात्र पक्क्या करा. पहिली, पश्चिम घाटावरील दोन समित्या : गाडगीळ समितीने २०११ मध्ये घाटाचे संपूर्ण क्षेत्र संवेदनशीलतेच्या तीन श्रेणींत विभागले, तर कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के क्षेत्रच संवेदनशील मानले. दुसरी, वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती, जिने परिशिष्टे सहावरून चारवर आणली. वेळासला वाळूत पुरलेल्या कासवांच्या अंड्यांवर टोपल्या झाकलेल्या आपण पाहिल्या असतील. ते ऑलिव्ह रिडले पहिल्या परिशिष्टात आहे, हे त्या टोपलीसोबत लक्षात ठेवा.

पुण्याचे म्हणाल तर, या तीन विषयांसाठी जाण्याची गरज मला दिसत नाही. क्लासचा खरा उपयोग उत्तरे तपासून घेण्यासाठी होतो, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्याने ती गरज वाढली आहे. केंद्रीय मुख्य परीक्षेत तीन तासांत वीस प्रश्न सोडवायचे असतात. दहा गुणांना दीडशे आणि पंधरा गुणांना अडीचशे शब्द. घरी बसून हा वेग येत नाही असे दिसले, तर शेवटचे काही महिने चाचणीमालेपुरते जावे. तीही आता टपालाने किंवा ऑनलाइन तपासून मिळते, तेव्हा घरभाड्याचा हिशेब आधी करा. तोपर्यंत बारसूवर अडीचशे शब्दांचे एक उत्तर लिहा, आणि तेच उत्तर पुन्हा एकदा पर्यावरणाच्या पेपरसाठी लिहून पाहा.