घर, झोप आणि चिडचिड : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी सोलापूर शहरातून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. मानसोपचार आणि घरबांधणी अशा दोन्ही क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. मार्च संपला की रात्री अकरा वाजले तरी घर भट्टीसारखं असतं. सासूबाई, मी, मुलं, सगळेच एकमेकांवर खेकसतो. पाऊस सुरू झाला की घर शांत होतं. हा दोष स्वभावाचा की घराचा? – एक गृहिणी

पाऊस आला की भांडणं थांबतात, म्हणजे अर्ध्याहून जास्त दोष छताचा धरायला हरकत नाही.

झोप लागण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान साधारण एका अंशाने उतरावं लागतं. ही उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते. खोलीच तापलेली असेल तर ती बाहेर पडत नाही, झोप लागायला वेळ लागतो आणि गाढ झोपेचा वाटा कमी होतो. अशा आठ-दहा रात्री गेल्या की माणूस विसराळू होतो, लहानशा कारणावरून भडकतो. घरातल्या चौघांची झोप एकाच वेळी मोडत असेल तर चौघंही एकाच वेळी भडकणार. सासूबाईंशी काय बोलायचं ते ऑगस्टमध्ये बोला, मे महिन्यात नको.

आता छत. दुपारभर तापलेला स्लॅब आणि त्यावरचा कोबा साठवलेली उष्णता काही तासांनी आत सोडतो, म्हणून उन्हं उतरल्यावरच खोली जास्त तापलेली वाटते. रात्री दहाला स्टुलावर चढून छताला हात लावा (पंखा बंद करून!), मग पश्चिमेच्या भिंतीला लावा. छत जास्त गरम असेल तर गच्चीवर पांढरा थर द्या. भिंत जास्त गरम असेल तर पैसे गच्चीवर घालू नका, त्या भिंतीवर बाहेरून सावली करा.

गच्चीसाठी चुना सर्वांत स्वस्त. १० किलो चुना २० ते २५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून घ्या आणि त्यात अर्धा ते एक किलो फेविकॉल डीडीएल (रंगात मिसळायचा गोंद) मिसळा. गच्ची झाडून, धुऊन, किंचित ओली असताना संध्याकाळी पहिला हात द्या. दुसऱ्या दिवशी आडव्या दिशेने दुसरा. एकूण किती लागेल ते गच्चीच्या खडबडीतपणावर ठरतं, म्हणून आधी दहा बाय दहा फुटांच्या तुकड्यावर लावून अंदाज घ्या. खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. दोन ठिकाणी गडबड होते. उन्हात लावला तर चुना पटकन सुकतो, पोपडे धरतो आणि पायाला लागून निघतो. आणि धूळ बसली की पांढरेपणा जातो, त्याबरोबर गुणही जातो. म्हणून महिन्याभराने एकदा झाडू मारा आणि पावसाने धुऊन गेलेला थर पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा द्या. कळीचा चुना भिजवताना उकळतो. चष्मा-हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. डोळ्यात उडाला तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार धरून थेट डॉक्टरांकडे जा. गच्चीवरच्या टाकीची झाकणं आधी बंद करा, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याचा उपाय चालतो. पण नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात तो आम्ही सुचवणार नाही.

खिडक्यांचं वेळापत्रक उलटं करा. सकाळी नवापासून ऊन उतरेपर्यंत बंद, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या सगळ्या उघड्या. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून कूलर चांगला चालतो, पण तो खिडकीबाहेर हवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात हवा दमट होते, अंग चिकचिकतं आणि आपण कूलरलाच नावं ठेवतो. जूनमध्ये दमटपणा वाढला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर क्षार बसतात, ते दर हंगामाला बदला. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून पुसा, नाहीतर डासांची सोय होते. चाळीस अंशांच्या वरच्या कोरड्या हवेत नुसता पंखा गरम वाराच फेकतो. अंगावर ओला सुती पंचा असेल तरच त्याचा उपयोग. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. थंडगार पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच राहते.

घरात कुणाला मानसिक आजारासाठी लिथियम किंवा तत्सम औषधं चालू असतील तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना भेटा. घामाने पाणी-मीठ कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. काही औषधं घामच कमी करतात. औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पूर्व भागात दहा बाय दहाच्या खोलीत तिघं राहतो. शेजारी यंत्रमागाचा कारखाना आहे. वाचलेलं डोक्यात राहत नाही, दुपारी डोकं जड होतं. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावू का? – एक विद्यार्थी

ट्रे लावू नका. ते खोलीतला घुमटलेला आवाज थोडा मोडतात, बाहेरचा अडवत नाहीत. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद असाव्या लागतात.

आवाज नेमका कुठून येतो ते आधी पाहा. खिडकी घट्ट लावल्यावर खटखट बरीच कमी झाली तर तो हवेतून येतोय. तशीच राहिली आणि भिंतीवर तळहात ठेवल्यावर थरथर जाणवली तर तो सामायिक भिंतीतून, जमिनीतून येतोय. हवेतून येणाऱ्या आवाजाला उपाय आहे : चौकटीला रबरी पट्टी, दाराखालच्या फटीला जाड पट्टी, जमल्यास चार इंच अंतर सोडून दुसरी काच. भिंतीतून येणाऱ्या आवाजाला तुमच्या बाजूने फारसं काही करता येत नाही. तिथे मागाच्या पायांखाली रबरी पॅड घालणं हाच खरा इलाज आणि तो कारखानदाराच्या हातात. सोलापुरात चादरी-टॉवेलवर हजारो घरं चालतात, तेव्हा तक्रारीआधी बोलून पाहावं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. औद्योगिक भागाला ती ७५ आणि ७० आहे. तुमची गल्ली कोणत्या भागात मोडते यावर सगळं अवलंबून.

पण तुमच्या पत्रात दुसरीच एक गोष्ट दडली आहे. आवाज नको म्हणून तुम्ही खिडकी लावता ना? मग तिघांच्या श्वासाने त्या खोलीतली हवा तासाभरात जड होते. दुपारचं डोकं मागामुळे कमी आणि कोंडलेल्या हवेमुळे जास्त धरत असावं. म्हणून खिडकीपेक्षा कान बंद करा. औषध दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग चालतील. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवा. नुसते तोंडाशी अडकवले तर निम्माही उपयोग होत नाही. पाकिटावर तीस डेसिबल लिहिलेलं असलं तरी नेहमीच्या वापरात पंधरा-वीस धरा. खिडकी आणि समोरचं दार किंवा झरोका उघडा राहू द्या.

आवाजाचा त्रास नुसत्या मोठेपणाने होत नाही. तो कधी येईल ते ठाऊक नसणं आणि आपल्या हातात नसणं, याने तो वाढतो. ग्लास आणि सिंगर या संशोधकांनी १९७२ साली यावरचे प्रयोग मांडले. आवाज बंद करायचं बटण ज्यांच्या हाती होतं, त्यांची नंतरची कामं जास्त चांगली झाली, बटण न दाबताही. न्यूयॉर्कमध्ये उन्नत रेल्वेमार्गाला लागून असलेल्या एका शाळेत रुळांकडच्या वर्गातली मुलं वाचनात मागे असल्याचं १९७५ साली दिसलं. रुळांखाली रबर आणि वर्गांना आवाज शोषणारं छत बसल्यावर तो फरक गेला. म्हणजे डोक्यात न राहण्याचा सगळा दोष स्वतःच्या माथी मारू नका.

तुमच्या हातातलं बटण म्हणजे वेळापत्रक. समजून घेण्याचं वाचन पहाटे, मागाच्या सुट्टीच्या दिवशी किंवा अभ्यासिकेत. गणितं, नकाशे, जुन्या प्रश्नपत्रिका माग चालू असताना. एकसुरी खटखटीची सवय होते, शब्दांची होत नाही. त्यामुळे आवाज झाकायला गाणी लावू नका, पंख्याचा आवाज पुरे. मोबाइल पालथा घालून टेबलावर ठेवण्यापेक्षा खोलीबाहेर ठेवा.

प्रश्न : मन प्रसन्न राहावं म्हणून हॉलला निळा रंग द्यावा की हिरवा? हवा शुद्ध करणारी झाडं कोणती? – एक वाचक, होटगी रोड

आवडेल तो द्या. अमुक रंगाने राग शमतो वगैरे दाव्यांना भक्कम आधार नाही. फरक पडतो तो फिक्या-गडदाचा : फिकी भिंत आणि पांढरं छत उजेड परतवतात, गडद भिंत गिळते. कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते हेही खरं नाही, त्यासाठी खोलीचं जंगल करावं लागेल. झाड दिसण्याचा मात्र उपयोग आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे ४६ रुग्ण पाहिले. खिडकीतून झाडं दिसणारे २३ जण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही कमी लागली. तेव्हा रंगाच्या पैशातून बसायच्या जागेसमोर दोन मोठ्या कुंड्या आणा.

प्रश्न : मी विडी घरकुलात राहते, घरीच विड्या वळते. संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळतं, जीव घाबरा होतो, रात्री झोप नाही. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे. – एक विडी कामगार भगिनी

टेन्शन असेलही, पण आधी तंबाखूचा विचार करा. तंबाखू हाताळताना निकोटिन कातडीतून आणि धुळीतून शरीरात जातं. ओल्या, घामेजल्या हातांतून जास्त. डोकेदुखी, मळमळ, छातीत धडधड, झोप उडणं ही त्याची लक्षणं चिंतेसारखीच दिसतात. डॉक्टरांना तुम्ही दिवसाला किती विड्या वळता आणि तंबाखू कुठे ठेवता ते सांगा, मग निदान नीट होईल.

तंबाखूची पिशवी झोपायच्या खोलीतून हलवा. एकच खोली असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, उशापासून लांब, दाराशी. सूप मांडीवर घेऊन दारात किंवा ओट्यावर बसा, असं की वारा तुमच्याकडून सुपाकडे जाईल, सुपाकडून तोंडाकडे नाही. नाकावर सुती पदर दुहेरी बांधा. तंबाखू चाळण्याचं काम घराबाहेरच, मुलं जवळ नसताना. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, झाडल्याने बसलेली धूळ पुन्हा उडते. जेवण्याआधी, पोराला घेण्याआधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवा आणि काम संपल्यावर साडी बदला. गरोदर किंवा अंगावर पाजत असाल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तासाला एकदा उठून पाच मिनिटं चाला. मान वाकवून मंद उजेडात बसल्यानेही डोकं दुखतं. आठवडाभर हे करून पाहा. सुट्टीच्या दिवशी त्रास कमी आणि कामाच्या दिवशी जास्त असेल तर कारण बरंचसं तंबाखूत आहे.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. शुक्रवार पेठेतल्या जुन्या वाड्यात मधल्या खोलीत बसून असतात. दिवसा डुलक्या, रात्री जागरण, बोलणं कमी. घर बदलावं का? – मुलगा, सध्या पुण्यात

घर बदलू नका. या वयात ओळखीचा उंबरठा, ओळखीचे शेजारी तोडले तर त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त. खोली बदला.

वाड्याची मधली खोली उन्हाळ्यात गार, पण अंधारी. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं आणि घरातल्या दिव्याखाली जेमतेम शंभर-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. मोकळ्यावर सावलीतसुद्धा तो हजारांत जातो. त्यांची खुर्ची सकाळी चौकात किंवा ओसरीवर मांडा, चहा-पेपर तिथेच. सूर्य उगवल्यापासून तासाभरात अर्धा तास पुरतो. सोलापुरात मे अखेरीस सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास, जानेवारीत सातच्या आसपास. चालता येत असेल तर सिद्धेश्वर तलावाकाठी एक फेरी. उजेड, चालणं आणि चार ओळखीचे चेहरे, तिन्ही एकत्र मिळतात. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा आणि तीननंतर नको. रात्री पिवळसर दिवे, संडासाच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद दिवा.

पण त्याआधी मोतीबिंदू आणि ऐकू येणं तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर उजेड डोळ्यात पुरेसा पोचत नाही, आणि ऐकू येत नसेल तर बोलणं कमी होणं साहजिक आहे. थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा बघा.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी, जेवणावरची वासना जाणं, 'आता जगून काय करायचं' असं बोलणं, यांतलं काहीही असेल तर खुर्ची हलवून भागणार नाही. सिव्हिलच्या मनोविकार विभागात दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, तुम्ही पुण्याहूनही फोन करू शकता. दवाखान्यात जाताना वडिलांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्या आणि झोपेच्याही. दिवसाच्या डुलक्यांचं कारण कधी कधी त्या पिशवीतच सापडतं.