अटीतटीच्या प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) कोण जिंकणार, हे आधी सांगता येतं का?

छातीठोकपणे नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचंच बघा. ८ मार्च २०१६ च्या, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीआधी सर्वेक्षणांत हिलरी क्लिंटन जवळपास २० टक्क्यांनी पुढे होत्या. मतमोजणीत मात्र बर्नी सँडर्स सुमारे १७ हजार मतांनी जिंकले. मी तो निकाल जागून पाहिला होता. तेव्हापासून प्रायमरीच्या सर्वेक्षणावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

असं का होतं? दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे, त्यामुळे मतदाराला मन बदलायला काहीच लागत नाही. त्यात मिशिगनमध्ये पक्षनिहाय मतदार नोंदणीच नाही. केंद्रावर गेल्यावर कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते मतदार लिहून देतो. मग नक्की कोण मतदानाला उतरणार, हेच सर्वेक्षण करणाऱ्याला ताडावं लागतं, आणि तरुणांचा अंदाज चुकू शकतो.

मला विचाराल तर आघाडीच्या आकड्यापेक्षा ‘अजून ठरलं नाही’ म्हणणारे किती, ते आधी बघा. शिवाय डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) मतांच्या प्रमाणात वाटले जातात. एवढ्या गाजलेल्या विजयातून सँडर्सना मिळाले ६७ आणि क्लिंटनना ६३.