पायथन की टॅली? आधी गोडाऊनची किल्ली घे

प्रश्न: मी औशाची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे. पुण्यातल्या एका क्लासला आठ महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स आहे, फी ९० हजार. तिथे पायथन आणि ज्युपिटर नोटबुक शिकवतात. बाबा म्हणतात, त्यापेक्षा टॅली आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर नीट शीक, दुकानाचंही होईल आणि नोकरीही मिळेल. दोन्हींपैकी कोणतं चांगलं? पुढे कशाला मागणी राहील?

उत्तर: तुमच्या काउंटरवर अजूनही दोन वह्या असतील, पैज लावतो. एक रफ, पानं दुमडलेली. तिच्यात फोनवर सांगितलेली ऑर्डर, कुणाच्या तरी एकरांचा गुणाकार, कोपऱ्यात कंपनीच्या माणसाचा नंबर. दुसरी उधारीची खतावणी. तिच्यात कुणी खाडाखोड केली तर बाबा दिवसभर बोलणार नाहीत. ज्युपिटर, म्हणजे पायथनचा कोड लिहून तिथल्या तिथे चालवून बघायचं सॉफ्टवेअर, ही पहिली वही; टॅलीतला स्टॉक म्हणजे दुसरी. दोन्हींत चांगली कोणती, हे बाबांनाच विचारून बघ.

आधी ९० हजारांचं बोलू. ज्युपिटर फुकट आहे. २०१४ मध्ये आयपायथन या प्रकल्पातून ते वेगळं झालं; ज्युलिया, पायथन आणि आर या तीन प्रोग्रामिंग भाषांवरून नाव पडलं. इन्स्टॉल करायचं नसेल तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच चालतं, लॅपटॉप साधा असला तरी चालतं. म्हणजे फी सॉफ्टवेअरची नाही, शिकवणाऱ्याची आहे. तेव्हा शिकवणारा कोण आणि तो कुणाचा डेटा हाताळायला देणार, एवढं क्लासला विचार. टायटॅनिकच्या प्रवाशांची यादी आणि फुलांच्या पाकळ्यांची मापं, हा सरावाचा ठरलेला डेटा दाखवून सोडणार असतील, तर ते यूट्यूबवर मिळतं.

नोटबुकमध्ये एकेक चौकट असते, तिला सेल म्हणतात. चार ओळी लिहायच्या, शिफ्ट-एंटर दाबायचं, उत्तर लगेच खाली. चुकलं तर खोडून पुन्हा. शिकणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही, आणि याच सोयीत खड्डा आहे. मी स्वतः त्यात पडलोय. एका वर्गात खरेदीचा दर बदलून वरचा सेल चालवला, बेरजेचा सेल चालवायला विसरलो आणि जुन्या दराची बेरीज फळ्यावर लिहून मोकळा झालो. स्क्रीनवर सगळं नीटच दिसत होतं. सेलच्या डावीकडे कंसात आकडा असतो, तो सेल कितव्या क्रमाने चालला हे सांगणारा; तो वरून खाली चढता नसेल तर सावध व्हायचं. कुणालाही निकाल दाखवण्याआधी कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारा भाग, रीस्टार्ट करून सगळे सेल पहिल्यापासून चालवायचे, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घे.

स्टॉकच्या सॉफ्टवेअरला असला मोकळेपणा परवडत नाही. कीटकनाशकाच्या बाटलीला बॅच नंबर आहे, मुदत आहे. कोणती बॅच कुणाला गेली हे उद्या विचारलं तर सांगता आलं पाहिजे. अनुदानाचं खत तर पॉस मशीनवर, म्हणजे विक्री नोंदवायच्या यंत्रावर, शेतकऱ्याची ओळख पटवूनच विकायचं असतं, आणि मशीनमधला साठा व गोडाऊनमधल्या गोण्या जुळल्या नाहीत तर तपासणीच्या वेळी उत्तर बाबांना द्यावं लागतं. कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाचं सॉफ्टवेअर असंच लागतं, ज्यात नोंद बदलली की बदलाची खूण मागे राहते. ती बंद करता येत नाही.

आता तुला दोन्ही कशाला यायला हवं, ते सांगतो.

समज, टॅलीतला स्टॉक एक्सेलमध्ये काढून तू नोटबुकमध्ये उघडलास. एका औषधाचा साठा दिसतो उणे १४. पुण्याच्या क्लासमधला हुशार मुलगा म्हणेल, साठा उणे असूच शकत नाही, ओळ चुकीची, काढून टाका. तू दुकानात बसलेली असशील तर तुला ठाऊक असेल की माल मंगळवारी उतरला, बाटल्या त्याच दिवशी विकल्या आणि खरेदीचं बिल शुक्रवारी चढवलं. ओळ काढायची नाही, खरेदीची तारीख दुरुस्त करायची. आणि अशा ओळी दर महिन्याला निघत असतील, तर बिलं उशिरा चढवणारा माणूस शोधायचा. बहुतेक वेळा तो मालकच असतो!

दुसरं उदाहरण जरा मजेशीर आहे. २०१८ मध्ये युरियाची गोणी ५० किलोवरून ४५ किलोची झाली. दहा वर्षांचा खप गोण्यांत मोजून आलेख काढलास, तर तेवढंच खत विकूनही त्या वर्षानंतर खप अकरा टक्क्यांनी वाढलेला दिसेल. आलेख सुरेख येईल, निष्कर्ष साफ खोटा निघेल. हे पायथनला माहीत नसतं. दुकानातल्या हमालाला माहीत असतं.

उलट बाजूही बघ. टॅलीत रीऑर्डर लेव्हल देता येते, म्हणजे साठा अमुक इतका खाली आला की मागवा. साधा हिशोब असा: रोजचा सरासरी खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, वर थोडा राखीव साठा. डीएपी खताच्या वर्षाला ७३० गोण्या जात असतील तर सरासरी रोज दोन. माल दहा दिवसांत येतो, म्हणजे वीस गोण्या, राखीव धरून तीस. हा आकडा घेऊन जूनमध्ये बसलात तर पेरणीच्या पहिल्याच सकाळी गोडाऊन रिकामं! सोयाबीनच्या पट्ट्यात वर्षाची सरासरी म्हणजे शुद्ध फसवणूक. खप कॅलेंडरवर चालत नाही, पावसावर चालतो.

इथे नोटबुक कामाला येतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. महसूल मंडळनिहाय रोजच्या पावसाचे आकडेही मिळतात. तुमच्या मंडळाचा १ जूनपासूनचा साठत गेलेला पाऊस एका रकान्यात घाल, शेजारी रोज विकलेल्या डीएपीच्या गोण्या. तीन-चार वर्षांचं असं मांडलंस की काउंटरवर गर्दी किती मिलिमीटरला होते ते दिसेल. शंभरच्या बरंच आधी होत असेल, असा माझा अंदाज. लोक सल्ला ऐकतातच असं नाही. हा प्रश्न टॅलीला विचारायची सोयच नाही, कारण पाऊस हा रकाना तिथे नाही. पण गोण्यांचे तारीखवार आकडे टॅलीत नीट चढवलेले नसतील, तर नोटबुकही हात वर करेल.

म्हणून माझा सल्ला. परीक्षा संपली की तीन महिने दुकानात बस, शक्य झालं तर खरिपाचे. खरेदी, विक्री, परत आलेला माल, मुदत संपलेला माल, सगळ्या नोंदी तूच कर. आठवड्यातून एकदा गोडाऊनमध्ये जाऊन प्रत्यक्ष मोज. रात्री तासभर कोलॅबवर पायथन आणि पांडाज, म्हणजे तक्ते हाताळायची पायथनची साधनं. सोबत एसक्यूएल शीक, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. त्याचं नाव तुझ्या पत्रात नाही, पण दोन्हींकडे जायची वाट त्यातूनच जाते. मग ईआरपीनेक्स्ट बघ, म्हणजे खरेदी, विक्री, साठा, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. मुंबईच्या फ्रापे कंपनीने बनवलेलं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, आणि बरंचसं पायथनमध्येच लिहिलंय. तिथे तुला स्टॉकची खतावणी आतून कशी बांधतात ते दिसेल. एसएपी या मोठ्या कंपन्यांतल्या सॉफ्टवेअरच्या महागड्या कोर्सच्या नादाला आत्ता लागू नकोस. कारखान्यातल्या स्टोअरचा अनुभव नसलेल्या मुलांना तो शिकूनही उभं राहायला त्रास होतो, असं मी वारंवार पाहिलंय.

नोकरीचं म्हणशील, तर नुसती टॅली येणाऱ्यांना काम मिळतं, पण पगार लवकर अडकतो. नुसतं पायथन येणाऱ्या फ्रेशर्सची रांग मोठी आहे आणि त्या रांगेत इंजिनीअर तुझ्या पुढे उभे असतील. स्टॉकचा उणे आकडा पाहून कारण सांगू शकणारी आणि तो नोटबुकमध्ये दुरुस्तही करू शकणारी मुलगी गोदामं चालवणाऱ्या, औषधं नाहीतर बियाणं वितरित करणाऱ्या कंपन्यांना हवी असते. तिथे बी.कॉम. आडवं येत नाही.

बाबांना सांग, त्यांचं अर्धं म्हणणं मान्य आहे. बदल्यात मागच्या तीन वर्षांचा टॅलीचा डेटा आणि गोडाऊनची किल्ली माग. तीन महिन्यांनीही त्या क्लासला जावंसं वाटलं तर जा, पण जाताना हाच डेटा बरोबर ने आणि पहिल्याच आठवड्यात सरांसमोर ठेव. त्यांनी तो उघडून बघितला तर फी भर.