जाळीचं दुखणं आणि दोन वर्षांची मुदत

‘ऑपरेशनला सहा वर्षं झाली ताई. आता तक्रार करून काय उपयोग?’

अंग बाहेर येतं म्हणून आत आधाराला जाळी बसवतात, त्या शस्त्रक्रियेनंतर त्रास सोसलेल्या बायका हा प्रश्न हमखास विचारतात. धायरीच्या मावशींनी तो जायला उठल्यावर, दाराशी विचारला. त्याआधी पाऊण तास त्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलत होत्या. मी त्यांना परत बसवलं. बसताना त्या एका बाजूला कलल्या, तेव्हाच मला थोडा अंदाज आला.

मावशींचं अंग बाहेर यायचं, म्हणजे ओटीपोटातला अवयव योनीतून खाली उतरायचा. २०१७ मध्ये पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात योनिमार्गातून जाळी बसवली. ‘हर्नियाला बसवतात तशीच,’ एवढंच सांगितलं गेलं. ही जाळी पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची असते, ती कायम आत राहते आणि काही जणींच्या योनीची भिंत चिरून तिची कड बाहेर येते, हे कुणी बोललं नाही. वर्षभरात कळा सुरू झाल्या, मधूनच रक्त जायला लागलं. यजमानांना टोचलं, तेव्हापासून दोघांची अंथरुणं वेगळी झाली. हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात गेलं की उत्तर ठरलेलं: ‘वय झालं, होतंच असं.’ २०२३ च्या दिवाळीनंतर दुसऱ्या डॉक्टरांनी जाळीची कड दाखवली आणि निघाली तेवढी काढली.

उपचारातल्या चुकीबद्दल ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पण ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. मावशी २०१७ पासून मोजत होत्या. दडलेली इजा असेल तर ती कळल्यापासून, किंवा नीट चौकशी केली असती तर कळली असती तेव्हापासून मुदत मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या एका शस्त्रक्रियेच्या प्रकरणात मानलं आहे. पण त्या प्रकरणात रुग्ण बाई हरल्या, आणि हे मी कुणापासूनही लपवत नाही. पोटात गॉज, म्हणजे रक्त टिपायचं जाळीदार कापड, राहिल्याचं त्यांना जवळपास नऊ वर्षांनी कळलं. मधल्या काळात दुखत असूनही त्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेल्या नाहीत, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. मावशी मात्र जात राहिल्या होत्या. ‘वय झालं’ म्हणून ज्या चिठ्ठ्यांवर त्यांची बोळवण झाली, त्याच चिठ्ठ्या आता त्यांच्या कामाच्या होत्या. नशिबाने एकही फेकली नव्हती, सगळ्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर होत्या.

रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत, असा २००२ चा वैद्यकीय आचारनियम आहे. पण आंतररुग्णांची नोंद तीन वर्षंच जपण्याचं बंधन त्यात आहे, आणि रुग्णालयाने तेच पुढे केलं. मग आठवलं, मुलगा चाकणला कंपनीत आहे, ऑपरेशन त्याच्या मेडिक्लेमवर झालं होतं. इम्प्लांटचं बिल आणि पाकिटावरचं स्टिकर क्लेमच्या कागदांत जातं. मुलाने त्या वेळी ई-मेलवर पाठवलेल्या प्रती सापडल्या. कंपनीचं नाव, लॉट नंबर म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक, सगळं त्या बोटभर स्टिकरवर.

यानंतर मावशी दोन आठवडे आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, ‘त्या डॉक्टरांनी माझी दोन्ही बाळंतपणं केली. त्यांना कसं ओढू?’ ही अडचण मला कायद्यापेक्षा मोठी वाटते. २०२० पासून लागू असलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल थेट उत्पादकाकडे भरपाई मागता येते, डॉक्टर दोषी ठरायलाच हवेत असं नाही. मात्र धोक्याची सूचना डॉक्टरांना दिली होती, असा बचाव कंपनी घेऊ शकते. तेव्हा ‘मग तुम्ही रुग्णाला का सांगितलं नाही’ हा प्रश्न डॉक्टरांकडे येणारच. हे ऐकून मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘विचारू दे. मलाही विचारायचं होतं.’

भाचीने मोबाइलवर अमेरिकेतल्या भरपाईच्या जाहिराती दाखवल्या होत्या. तिथे लाखाहून अधिक दावे झाले, आणि अंग बाहेर येण्यासाठी योनिमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली गेली, हे खरं. पण तिथली भरपाई आपोआप धायरीला येत नाही. आणि खोकताना लघवी होते म्हणून जिला अशाच जाळीची पट्टी बसवली आहे व काहीच त्रास नाही, तिने हे वाचून घाबरून ती काढायला जाऊ नये.

खर्चाची धास्ती होतीच. उपचाराला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी लागत नाही, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. मावशींना तिथूनच वकीलबाई मिळाल्या.

‘पण हे सगळं चारचौघांत बोलायचं?’ आयोगाचं काम मुख्यतः प्रतिज्ञापत्रावर आणि कागदांवर चालतं, हे कळल्यावर मावशींचे खांदे सैल झाले. मुदत संपायला सात आठवडे असताना तक्रार दाखल झाली. निकाल अजून यायचा आहे.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी त्यांना वाचून दाखवत होते. वकीलबाईंनी लिहिलं होतं, ‘दैनंदिन कामकाजात अडथळा’. मावशींनी मला थांबवलं. ‘असं नको. लिहा, पाच वर्षं पाटावर बसून पोळ्या लाटता आल्या नाहीत.’

तसंच लिहिलं.