विरजण मागायला तरी बेल वाजव

पत्र: मावशी, मी 54 वर्षांची. लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आले, 30 वर्षं 160 फुटांच्या खोलीत संसार केला, आता चाळींच्या पुनर्विकासात टॉवरमध्ये 23 व्या मजल्यावर 500 फुटांचं घर मिळालंय. सगळे म्हणतात नशीब काढलंस. पण इथे दिवसभर कुणाचा आवाज येत नाही. सोडतीत जुने शेजारी कुठल्या कुठे गेले, मजल्यावर एक माणूस ओळखीचं नाही. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पाय घसरून पडले. मिस्टर नाईटला, मुलगा पुण्याला, मोबाइल किचनमध्ये. जवळजवळ पाऊण तास मी हाका मारत होते, कुणीच आलं नाही. शेवटी स्वतःच सरपटत बाहेर आले. तेव्हापासून हे घर नकोसं वाटतंय. मी कृतघ्न आहे का? – तेविसाव्या मजल्यावरची

अगं, कृतघ्न कसली! घर मिळाल्याचा आनंद आणि माणसं गेल्याचं दुःख एकाच वेळी असू शकतं, एकाने दुसरं खोटं ठरत नाही. तुझा तो पाऊण तास माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून आधी त्याचंच सांगते, बाकीचं नंतर. घरात एकटी असशील तेव्हा बाथरूमची कडी आतून लावू नको, दार नुसतं लोटून घे. मोबाइल सोबत ने आणि बादलीजवळ खाली ठेव, वरच्या कप्प्यात नको, कारण पडल्यावर वर हात पोचत नाही. आणि घराची एक जास्तीची किल्ली मजल्यावरच्या कुणाकडे तरी असली पाहिजे. तू म्हणशील, मावशी, ओळखच नाही तर किल्ली कुणाला देऊ? बरोबर आहे. म्हणूनच बाकीचं पत्र लिहितेय.

तुला एक विचारू? तुझ्या मजल्यावर जी माणसं राहतात ती आली कुठून? बाहेरून नाही ना आली, तीही बीडीडीतलीच आहेत. कुणी पलीकडच्या चाळीतलं असेल, कुणी मैदानाच्या त्या बाजूचं, पण सगळ्यांनी तोच मधला लांब पॅसेज बघितलाय, मजल्यावर वीस खोल्या आणि टोकाला कॉमन संडास, पहाटे डबा घेऊन उभं राहणं, पॅसेजमध्ये पंखा लावून झोपलेली पोरं, जांबोरी मैदानातला कालवा, सगळं बघितलंय. म्हणजे आत्ता त्या बंद दारांमागे तुझ्यासारख्याच चार बायका बसल्या असतील आणि प्रत्येकीला वाटत असेल की शेजारचे आता टॉवरवाले झाले, त्यांना आपलं येणं आवडणार नाही. आधी ट्रान्झिटमध्ये, म्हणजे टॉवर होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांत, काही वर्षं विखुरलेली, मग चिठ्ठीत जो मजला आला तो घेतलेली ही माणसं आहेत, त्यांनाही तुझ्याइतकंच बुजल्यासारखं होत असणार, हे मी पैजेवर सांगते.

आणि चाळीतली माणसं काही स्वभावाने जास्त प्रेमळ होती असं नाही बरं का. 1920 च्या दशकात ब्रिटिश सरकारने कामगारांसाठी त्या चाळी बांधल्या, एवढ्याशा खोल्या, संडास बाहेर, दार उघडं ठेवल्याशिवाय वारा नाही. तिथे माणसाला माणूस भेटणं टाळताच येत नव्हतं. भांडलीस तरी दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच रांगेत तिच्याच मागे उभी राहायचीस ना? मग किती दिवस तोंड फिरवणार! त्या रांगेनेच अर्धी भांडणं मिटवली. आता संडास घरात आला, नळाला पाणी आलं, लिफ्ट थेट दारात सोडते, आणि हे सगळं आपल्याला हवंच होतं, नव्या सुनेची त्या रांगेत काय कुचंबणा होते ते आठव म्हणजे कळेल का हवं होतं. पण त्या अडचणीसोबत रोजची भेटही गेली. आता ती भेट मुद्दाम घडवावी लागणार.

बहुतेकजण मला म्हणतात, मावशी मी तर सगळ्यांना डबा देते, फराळ देते, तरी कुणी जवळ येत नाही. माझं मत जरा वेगळं आहे. देऊ नको, आधी माग.

माझं सांगते. 1994 ला आम्ही गिरगावातनं डोंबिवलीला आलो. समोरच्या बाईंशी आठ महिने नुसतं हसणं, मान हलवणं. मी दिवाळीचा फराळ दिला, त्यांनीही दिला, हिशोब पूर्ण, दारं परत बंद. मग एके रविवारी घरी सात-आठ पाहुणे, कुकरची पहिली शिट्टी व्हायची होती आणि गॅस संपला. दुसरा सिलेंडर नव्हता. मला इतकी लाज वाटत होती पण गेले, बेल वाजवली. त्या बाई काही न बोलता आत गेल्या आणि सिलेंडर तिरका करून कडेवर फिरवत फिरवत स्वतःच घेऊन आल्या, अख्ख्या जिन्यात खण्ण खण्ण आवाज, पदर खोचलेला, कपाळावर घाम. मग आत येऊन रेग्युलेटर पण त्यांनीच बसवला कारण माझे हात थरथरत होते. त्या दिवसापासून त्यांना माझ्या घरी यायला कारण लागलं नाही, आणि मला त्यांच्याकडे जायला. आपण देतो तेव्हा समोरच्याला ओझं होतं, परतफेड कधी करायची याचं. मागतो तेव्हा त्याला कळतं की या घरात आपली गरज आहे.

तर तू उद्या वाटी घे आणि शेजारी विरजण मागायला जा. घरात दही असलं तरी जा. विरजण ही फार सोपी गोष्ट आहे, चमचाभर लागतं, कुणी नाही म्हणत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वाटी परत द्यायला पुन्हा जावंच लागतं. रिकामी वाटी परत द्यायची नाही हे तुला सांगायला नकोच, काहीतरी घाल, चार बोरं घाल, वाटाणे घाल. आणि दारातच उभं राहून विचार, तुम्ही कितव्या नंबरच्या चाळीतल्या? एवढा एक प्रश्न. वरळीत 121 चाळी होत्या, चार नावं घेतलीस की एकतरी ओळखीचं निघणार, कुणाची नणंद कुणाच्या मजल्यावर, कुणाचा मुलगा तुमच्या मंडळात कबड्डी खेळायचा.

लिफ्टमध्ये पण मोबाइल काढू नको. लहान मूल असेल तर नाव विचार, आणि ते नाव लक्षात ठेव, पुढच्या वेळी नावाने हाक मार. आईबाप त्यावरच विरघळतात.

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला बोलाव, पण माझं ऐकशील तर नुसत्या हळदीकुंकवावर थांबू नको. एकतर नवरा गेलेली बाई त्या दिवशी घरात बसून राहते, तिला तू स्वतः जाऊन हाताला धरून आण आणि तिलाही वाण दे, यात मी कुणाचं काही ऐकून घेत नाही. दुसरं म्हणजे वरळी बीडीडीत गणपती जेवढा जोरात तेवढीच 14 एप्रिलची जयंती जोरात, कितीतरी घरं बौद्ध आहेत, त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं देऊन कसं चालेल? त्यापेक्षा रविवारी संध्याकाळी नुसता चहा ठेव, कोजागिरीला मसाला दूध, उन्हाळ्यात कुरडया. कुरडया तर एकटीने होतच नाहीत, चीक घोटायला एक, सोऱ्या फिरवायला एक, कामाला माणसं लागली की गप्पा आपोआप होतात. फक्त आगीच्या वेळेसाठी जो रेफ्युज मजला मोकळा ठेवलेला असतो तिथे पसारा मांडू नका, सतरंजी घालून बसायला छान वाटतं पण तो मोकळाच राहिला पाहिजे. खाली लॉबीत, पोडियमवर बसा, सोसायटीला आधी विचारून.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फार भरवसा नको. पार्किंग आणि मेंटेनन्सची भांडणं तिथे होतात आणि माणूस समोर नसला की जीभ सैल सुटते. वाद झाला तर टाइप करू नको, त्या घरी जा.

एक सांभाळ पण. काही दारं उघडणार नाहीत आणि त्याचा राग धरू नको. मजल्यावर एखादी नवी सून असेल जिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बंद खोली मिळाली असेल, तिला दार लावून बसू दे. कुणाकडे आजारपण असतं, कुणाला नाईट असते. दोनदा बेल वाजव, तिसऱ्यांदा नको, नुसतं हसत राहा. तुला अख्खा मजला नकोय गं, तुला दोन घरं हवीत.

आणि जुन्या शेजारणी हरवल्या म्हणतेस ना, त्या हरवलेल्या नाहीत, त्याच आवारात दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या विंगेत असतील किंवा अजून ट्रान्झिटमध्ये. महिन्यातनं एक दुपार ठरवून टाक, सगळ्यांनी तुझ्याकडे यायचं, आणि येताना त्यांच्या मजल्यावरची एक नवी बाई सोबत आणायची. आता घरात जागा आहे तुझ्या, 160 फुटांत सहाजण बसायचात तेव्हा पाय दुमडायला लागायचे.

त्या पडण्याबद्दल मिस्टरांना आणि मुलाला नीट सांगितलंस का? पत्रावरून वाटतं की नाही सांगितलंस, काळजी करतील म्हणून. आजच सांग. आणि कंबर अजून दुखत असेल तर अंगावर काढू नको, एकदा दाखवून ये.

वाटी उद्याच घे. महिन्या-दोन महिन्यांनी मला लिही, किल्ली कुणाकडे ठेवलीस ते.

– तुझी मावशी