वाचकांचे प्रश्न : कान, चक्कर आणि तोल

प्रश्न : मी ५२ वर्षांची असून नाशिकमधील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेली तीन वर्षे अधूनमधून माझ्या डाव्या कानाला दडा बसतो, कानात घोंघावल्यासारखा आवाज सुरू होतो आणि थोड्याच वेळात सारे घर गरगर फिरू लागते. दोन-तीन तास उलट्या होतात. त्या कानाने आता कमी ऐकू येते. कानाच्या डॉक्टरांनी मेनिअरचा आजार असल्याचे निदान केले आहे. मात्र झटका नसतानाही गादीवरून चालल्यासारखे वाटते, म्हणून मी भिंत धरून चालते, मान ताठ ठेवते, चक्करेची गोळी रोज घेते. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर जाणे आणि सप्तशृंगी गडावर जाणे बंदच केले आहे. घरचे म्हणतात, रक्ताचे आणि मेंदूचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तू मनाला लावून घेतेस. हे कधी बरे होईल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आपल्या घरच्यांचे म्हणणे वाचून मला वाईट वाटले, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते. तोल गेलेल्या माणसांना व्यायाम शिकवण्याचे काम मी करते आणि आजारापेक्षा या अविश्वासानेच अधिक खचलेली माणसे मला वारंवार भेटतात. रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ इतकाच, की त्या तपासण्यांत शोधलेले दुसरे आजार आपल्याला नाहीत. मेनिअरच्या आजारात अंतर्कर्णात, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागात, द्रव जास्त साचतो, आणि तो रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाही. त्याची खूण उमटते ती ऐकण्याच्या तपासणीत, आणि तीही बहुधा सुरुवातीला खालच्या पट्टीतील आवाज कमी ऐकू येण्याच्या रूपाने. आपला ऑडिओग्राम, म्हणजे या तपासणीचा आलेख, घरच्यांपुढे ठेवा आणि दोन्ही कानांच्या रेषांतील फरक त्यांना बोटाने दाखवा. पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रॉस्पर मेनिअर या डॉक्टरांनी १८६१ मध्ये मांडले, की अशा चक्करेचे मूळ कानात असू शकते. तोपर्यंत अशा रुग्णांना मेंदूत रक्त चढल्याचे समजून तसे उपचार दिले जात. त्यामुळे आपले दुखणे मनाचे ठरवणाऱ्यांनी एवढे तरी जाणून घ्यावे, की त्याचा पत्ता दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच लागलेला आहे.

बरे होण्याविषयी स्पष्ट सांगते. हा आजार मुळासकट काढून टाकणारे औषध आज उपलब्ध नाही. मात्र बऱ्याच रुग्णांत वर्षे सरतात तसे गरगरण्याचे झटके विरळ होतात. ऐकणे कमी झाले असेल, तर ते बहुधा तसेच राहते आणि त्यासाठी श्रवणयंत्राचा विचार वेळेवर करावा, कारण वर्गातील मुलांचे बोलणे समजून घेण्याच्या धडपडीतही माणूस थकून जातो.

आता भिंत धरून चालण्याविषयी, कारण आपल्या हातात सर्वांत जास्त आहे ते येथेच. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याची वर्दी देतात आणि दोन लहान पिशव्या सरळ रेषेतील गती व गुरुत्वाकर्षण ओळखतात. स्वस्थ असतानाही दोन्ही कानांकडून मेंदूला सारखे संदेश जात असतात. एका बाजूचे संदेश अचानक बदलले, की दोन्हींत तफावत पडते आणि डोके स्थिर असूनही आपण फिरत आहोत असा मेंदूचा समज होतो. ही तफावत कायमची राहिली, तर मेंदू ती हळूहळू हिशेबात धरायला शिकतो. पण हे शिक्षण डोके हलवल्याशिवाय, चालल्याशिवाय, थोडेसे गरगरल्याशिवाय होत नाही. ताठ ठेवलेली मान, सदा धरलेली भिंत आणि रोजची चक्कर दाबणारी गोळी या तिन्ही गोष्टी त्या क्षणी आधार देतात आणि मेंदूचा अभ्यास मात्र थांबवून ठेवतात. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन यांसारख्या गोळ्या झटक्याच्या वेळी, दोन-चार दिवस उपयोगी असतात. त्या वर्षानुवर्षे घेण्यासाठी नाहीत. आपली रोजची गोळी कोणती आहे हे पत्रात नाही, म्हणून ती स्वतःहून बंद न करता हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारा. ती बीटाहिस्टिन असेल, तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका चाचणीत मेनिअरच्या २२१ रुग्णांवर नऊ महिन्यांत या औषधाचा प्रभाव औषध नसलेल्या गोळीपेक्षा वेगळा आढळला नाही, हेही त्यांच्याशी बोलताना लक्षात असू द्या.

व्यायाम प्रत्यक्ष तपासणीनंतरच ठरवावेत, पण एक येथे सांगते. स्वयंपाकघरातील भिंतीवर दिनदर्शिका असेल, तिच्यापासून हातभर अंतरावर आधाराजवळ उभ्या राहा. आजच्या तारखेच्या आकड्यावर नजर रोखा आणि मान नकारार्थी हलवतो तशी डावी-उजवीकडे थोडीशी हलवा. आकडा स्थिर आणि ठळक दिसला पाहिजे. तो पुसट होऊ लागला, की वेग किंचित कमी करा. सुरुवातीला २० सेकंद पुरे, मग एक मिनिटापर्यंत, दिवसातून तीन-चार वेळा. व्यायामानंतर थोडी गरगर वाटली आणि पंधरा-वीस मिनिटांत शमली, तर मात्रा बरोबर आहे असे समजावे. दिवसभर पडून राहावे लागले, तर ती जास्त झाली. झटक्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम करू नये. मेनिअरमध्ये कानाची स्थिती वरखाली होत असल्याने व्यायामाने झटके टळत नाहीत. दोन झटक्यांच्या मधले दिवस, जे आपल्या बाबतीत भिंतीला धरून जात आहेत, ते मात्र सुधारू शकतात.

गंगेवर अवश्य जा. उजेडी, गर्दी नसलेल्या वेळी, कोणाला तरी सोबत घेऊन घाटावर चाला, कारण शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि अंधारात डोळे व तळपाय दोघांचाही भरवसा कमी होतो. रामकुंडात डोके बुडवून डुबकी मात्र घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. पाण्याखाली डोळे मिटलेले आणि पायाखाली जमीन नसली, तर वर कोठे आणि खाली कोठे हे फक्त कान सांगतो, आणि आपला एक कान त्या क्षणी चुकीचे सांगू शकतो. तांब्याने पाणी अंगावर घेतले तरी स्नान झालेच. गडावर जाताना घाटरस्त्यात गाडीत पुढे बसून दूरवर पाहावे. देवळापर्यंत जाण्यासाठी ट्रॉलीची सोय आहे, ती वापरण्यात संकोच नसावा. झटके येत आहेत तोवर दुचाकी चालवणे आणि शिडीवर चढणे बंद ठेवावे.

मीठ कमी केल्याने या आजारात फायदा होतो याचा पुरावा भक्कम नाही, तरी पथ्य पाळून फरक पडल्याचे अनेक रुग्ण सांगतात, त्यामुळे दोन महिने करून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची सर्वांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा आहे. लोणचे, पापड, चिवडा आणि मिसळीवरची शेव धरली, तर ती नाश्त्यातच संपत येते.

दडा बसून आवाज वाढू लागला, की आधी गॅस बंद करा, जमिनीवर बसा किंवा कुशीवर पडा आणि एका स्थिर वस्तूकडे पाहा. घरच्यांनी त्या वेळी प्रश्न विचारू नयेत, उठवून बसवू नये. प्रकाश मंद करावा, भांडे जवळ ठेवावे आणि झटका किती वाजता सुरू झाला व किती वाजता संपला ते वहीत लिहावे. ही वही औषधाइतकी मोलाची आहे. अर्धशिशीमुळे येणारी चक्कर मेनिअरसारखीच दिसते आणि दोन्हींतला फरक बहुधा अशा नोंदींतूनच कळतो. झटके आवरत नसतील, तर कानाच्या पडद्यातून आत औषधाचे इंजेक्शन देण्यासारखे पुढचे उपाय आहेत, त्याविषयी कानाच्या डॉक्टरांशी बोलावे. चक्करेबरोबर तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा अजिबात उभे राहता न येणे यांपैकी काहीही झाले, तर मेनिअर म्हणून घरी थांबू नये, तत्काळ रुग्णालयात जावे. एखाद्या कानाचे ऐकणे एकाएकी गेले, तरी त्याच दिवशी दाखवावे.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. अंथरुणात कूस बदलताना किंवा माळ्यावरील वस्तू पाहण्यासाठी मान वर करताना त्यांना अर्ध्या मिनिटाची जोरदार चक्कर येते. मानेच्या मणक्याचा त्रास म्हणून सहा महिने कॉलर वापरत आहेत, पण फरक नाही.
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपण केलेले वर्णन मानेपेक्षा कानाकडे अधिक बोट दाखवते. अंतर्कर्णाच्या पिशवीतील कॅल्शियमचे सूक्ष्म कण सुटून नलिकेत शिरले, की डोके विशिष्ट दिशेने वळताच अशी चक्कर येते आणि मिनिटाच्या आत थांबते. वडिलांना तपासणीच्या खाटेवर मान वळवून झटकन आडवे करतात आणि त्यांचे डोळे कसे फिरतात ते पाहतात. निदान त्यावरून होते. त्यानंतर डोके ठरावीक क्रमाने फिरवून कण पुन्हा जागेवर नेण्याची पद्धत जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. तिला काही मिनिटे लागतात आणि पुष्कळ रुग्णांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. मानेचा खरोखर काही विकार असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, आणि व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करू नये, कारण कोणता कान आणि कोणती नलिका हे ठरल्याशिवाय मान फिरवण्यात अर्थ नाही. हा त्रास पुन्हा उद्भवू शकतो. तसे झाले, तर तोच उपाय पुन्हा करता येतो. तोवर वडिलांनी उठताना आधी कुशीवर वळून खाटेच्या कडेला मिनिटभर बसावे आणि रात्री न्हाणीघरापर्यंतचा दिवा चालू ठेवावा.