जुनं एअर पिस्तूल घेताय? आधी सिलिंडरवरची तारीख बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मुलीला दहा मीटर पिस्तूल सुरू करायचंय, नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या बरंच वर जातंय आणि क्लबातलंच कुणीतरी जुनं निम्म्या किमतीत देतंय. आमच्या घरी मुलाच्या वेळी अगदी हेच झालं होतं.

जुनं घ्यायला हरकत नाही. चांगल्या मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलाची नळी वर्षानुवर्षं टिकते, ग्रिपही हाताप्रमाणे घासून घेता येते. खरी गोम पिस्तुलाला जोडलेल्या, दाबाने हवा भरायच्या सिलिंडरमध्ये आहे. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार सिलिंडर मुदतीतलं लागतं आणि ही मुदत जास्तीत जास्त 10 वर्षं. सिलिंडर काढून उजेडात फिरवून बघा. बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, कधी कधी ते स्टिकरखाली झाकलेलं असतं. दाबाचे दोन आकडे दिसले तर मोठा चाचणीचा, लहान भरायचा. हे उलटं समजू नका. मुदत संपलेलं 'सरावाला चालतं' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, 200 बार इतक्या प्रचंड दाबाची वस्तू पोरीच्या हातात असणार आहे.

आमच्या दुकानदाराला हे माहीत होतं. नवं सिलिंडर मागवून देतो म्हणून त्याने पिस्तुलासोबतच आगाऊ पैसे घेतले आणि 'माल कस्टममध्ये अडकलाय' हे ऐकवत अख्खा सीझन घालवला. पोरगा वर्षभर घाम गाळून मुदत संपलेल्या सिलिंडरनेच स्पर्धेला गेला आणि साहित्य तपासणीच्या टेबलावरूनच परत आला. त्याचा चेहरा आठवला की आजही संताप होतो. पैसेही बुडाले, कारण पावतीवर 'ॲडव्हान्स' एवढंच लिहिलेलं. म्हणून सांगतो, पावतीवर मॉडेल, सिलिंडरची तारीख आणि माल द्यायची तारीख लिहून घ्याच. एका कंपनीचं सिलिंडर दुसरीच्या पिस्तुलाला बसेलच असं नाही, त्यामुळे मॉडेल महत्त्वाचं.

माझं मत विचाराल तर पहिले काही महिने काहीच घेऊ नका. क्लबचं पिस्तूल वापरू द्या. तिथेच कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव करायला लावा, अर्थात पिस्तूल रिकामं असल्याची दरवेळी खात्री करून आणि मोठं माणूस जवळ असतानाच. पोरांची आवड टिकते की नाही ते तेवढ्यात कळतं. मी कोच नाही. तुमच्या कोचने मुलीला प्रत्यक्ष पाहिलंय, ते वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

पेलेट, म्हणजे छर्रे, चपट्या तोंडाचेच घ्या, कागदावर भोक स्वच्छ पडतं. सरावाला स्वस्त डबा चालतो. महागाचे घेण्याआधी 4.49 आणि 4.50 मिलिमीटर व्यासाचे दोन्ही थोडे थोडे मारून बघा, प्रत्येक नळीची आवड वेगळी. पेलेट शिशाचे असतात, रेंजवरून आल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊच्या डब्याला हात लावू देऊ नका. सिलिंडरच्या जोडाला घरातलं तेल किंवा मशीनचं ग्रीस अजिबात नको, दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. आणि ट्रिगरला टांगलेलं 500 ग्रॅमचं वजन तो न सुटता उचलतो का, हे पैसे देण्याआधी क्लबच्या वजनावर तपासा. त्याहून हलका असेल तर तपासणीत अडकेल.

विकणाऱ्याकडून सिलिंडरवरच्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो मागवा आणि इथे टाका, मी बघून सांगतो. फोटो द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडा.